ताणमुक्तीच्या शिबिराआधी कामाची यादी आणि माणसांचे स्वभाव पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्चअखेर जवळ आली की मराठवाड्यातल्या बँकांत, शासकीय कार्यालयांत आणि वाळूज-शेंद्र्यापासून जालन्यापर्यंतच्या कारखान्यांत ताणमुक्तीची शिबिरे सुरू होतात. त्यांच्या बातम्या आपल्या दैनिकातही येतात. सगळ्यांना सभागृहात एकत्र बसवायचे, दीड तास व्याख्यान, मग श्वसनाचे प्रयोग, शेवटी एक प्रश्नावली भरून घ्यायची आणि प्रत्येकाला स्वभावाचा एक रंग देऊन टाकायचा. दुसऱ्या दिवशी टेबलावर तेवढ्याच फायली असतात. हेतू चांगला असतो, पैसाही खर्च होतो, पण दोन गोष्टी हमखास सुटतात. एकच ताण वेगवेगळ्या स्वभावाची माणसे वेगवेगळ्या रीतीने दाखवतात, त्यामुळे सरसकट उपाय निम्म्या लोकांना लागूच पडत नाही. शिवाय स्वभाव कोणताही असो, ताणाचा मोठा हिस्सा कामाच्या रचनेतून येतो आणि ती रचना बदलणे प्रमुखाच्याच हातात असते. कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यासाठी समुपदेशन करणारे आम्ही काही जण याबद्दल थोडे तपशिलाने लिहीत आहोत.

स्वभाव आणि ताण यांची सांगड घालण्याचा गाजलेला प्रयत्न १९५९ सालचा आहे. मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन हृदयरोगतज्ज्ञांनी सतत घाईत, स्पर्धेत असणाऱ्या माणसांना ‘टाइप ए’ म्हटले आणि त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त असतो असे मांडले. आपल्याकडच्या व्याख्यानांत अजूनही तेवढेच सांगितले जाते. पुढच्या अभ्यासांनी मात्र हे चित्र बरेच बदलले. कामाचा झपाटा तितकासा घातक ठरला नाही. त्यातला धुमसत राहणारा राग आणि इतरांबद्दलचा वैरभाव, एवढा भाग हृदयाच्या दुखण्याशी जास्त जोडलेला दिसला. तेव्हा झपाट्याने काम करणाऱ्या शाखाधिकाऱ्याला उगाच घाबरवू नये.

आज मानसशास्त्रात स्वभाव मोजताना प्रामुख्याने पाच गुण पाहतात: लोकांत मिसळण्याची ओढ, काळजी करण्याचा कल, कर्तव्यदक्षता, जुळवून घेण्याची वृत्ती आणि नव्याबद्दलचे कुतूहल. प्रत्येकात पाचही असतात, कमी-जास्त प्रमाणात. उंचीचे जसे असते, तसेच इथेही बहुतेक माणसे मधल्या पट्ट्यात असतात. माणसाचा प्रकार चार रंगांत किंवा चार अक्षरांत सांगणाऱ्या चाचण्या त्या पट्ट्याच्या मधोमध रेघ ओढतात आणि जेमतेम दोन मार्कांच्या फरकावर एकाला बहिर्मुख, दुसऱ्याला अंतर्मुख ठरवतात. तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा घेतली की बऱ्याच जणांचा ‘प्रकार’ बदलतो, तो यामुळेच. अशा निकालावरून कुणाला काउंटरवर बसवायचे आणि कुणाला बढती द्यायची हे ठरवणे अन्यायाचे आहे. खाली आम्ही ज्या रीती सांगत आहोत, त्यासुद्धा माणसांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या समजू नयेत. एकाच माणसात दोन-तीन रीती मिसळलेल्या असतात.

अतिवृष्टीनंतरचे पंचनामे घ्या. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते, ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालेले पीक मदतीला पात्र ठरते, आणि ते पाहायला महसूल, ग्रामपंचायत आणि कृषी या तीन खात्यांचे गावपातळीवरचे कर्मचारी बांधावर जातात. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत हे काम एकाच वेळी येऊन पडले. वरून रोजची व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची आढावा बैठक, समोर पीक गेलेल्या शेतकऱ्याची रास्त घाई, गुडघाभर चिखल, मोबाइलला रेंज नाही. ताण तिघांनाही सारखाच. एक जण गावात आवाज चढवतो. दुसरा रात्री बारापर्यंत गट क्रमांक पुन्हा पुन्हा तपासत बसतो. तिसरा हळूहळू फोन उचलायचे कमी करतो. तालुक्याला पहिल्याची तक्रार पोहोचते, दुसऱ्याचे कौतुक होते आणि तिसरा कामचुकार ठरतो. प्रत्यक्षात तिघेही कोलमडण्याच्या एकाच पायरीवर असू शकतात.

यातला दुसरा माणूस सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर. चोख काम करणाऱ्याचा ताण बाहेरून मेहनतीसारखा दिसतो. तो उशिरापर्यंत थांबतो, रजा टाळतो, दुसऱ्याने केलेला तक्ता स्वतः पुन्हा जुळवून पाहतो. पहिली खूण म्हणजे त्याचा वेग कमी होतो. जे पत्र अर्ध्या तासात व्हायचे त्याला दोन तास लागतात, कारण प्रत्येक ओळ तीनदा वाचली जाते. मग चुका होऊ लागतात आणि त्याही भलत्याच ठिकाणी: तारीख चुकते, जोडपत्र राहते, फाईल दुसऱ्याच टेबलावर जाते. पहाटे तीन-साडेतीनला जाग येते आणि राहिलेले काम डोक्यात फिरू लागते. दिवसा तरतरीसाठी चहा वाढतो. चहातल्या कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण ५ तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाच्या चहाचा अंमल रात्री अकरालाही पुरता उतरलेला नसतो.

अशा माणसाला ‘एवढे मनावर घेऊ नका’ म्हणून काही होत नाही. काम मनावर न घेणे ही त्याच्या लेखी हलगर्जी असते. त्याला ‘पुरे’ कुठे हे कामाच्या आधीच आणि लेखी सांगावे लागते. कामांचे दोन ढीग करा. देयके, फेरफार, औषधांची मात्रा, मशीनचे सेटिंग अशा ठिकाणी चूक चालणार नाही. तिथे दोनदा तपासणी हवीच, पण दुसरी तपासणी दुसऱ्या माणसाने करायची. साप्ताहिक प्रगती अहवाल, आढाव्याची टिपणे, अंतर्गत पत्रे एकदा वाचून पाठवायची. घरी जाण्यापूर्वी दहा मिनिटे राखून ठेवायला सांगा: राहिलेली कामे कागदावर लिहायची आणि प्रत्येकापुढे उद्याचे पहिले पाऊल व वेळ टाकायची. अर्धवट कामे मनात घोळत राहतात. ती केव्हा आणि कशी पुरी करायची हे नक्की लिहून ठेवले की त्यांचा त्रास कमी होतो, असे प्रयोगांतून दिसले आहे. आणि उशिरापर्यंत थांबण्याबद्दल जाहीर सत्कार करणे थांबवा. त्या सत्काराने त्याला थांबायची वाट राहत नाही आणि बाकीच्यांना वेळेवर घरी जाण्याची लाज वाटू लागते.

त्याच्याजवळचाच दुसरा स्वभाव म्हणजे कुणालाही नाही न म्हणणारा. प्रत्येक कार्यालयात असा एक जण असतोच, ज्याच्या टेबलावर तिघांचे काम येऊन पडते. तो तक्रार करत नाही. पाठदुखी, पित्त, डोकेदुखी अशा कारणांनी त्याच्या किरकोळ रजा मात्र वाढतात, आणि कधीतरी क्षुल्लक गोष्टीवरून असा फुटतो की सगळे चकित होतात. ‘नाही म्हणायला शिका’ हा सल्ला त्याला पेलत नाही, विशेषतः समोर वयाने मोठे साहेब असताना. त्याऐवजी हे वाक्य द्या: ‘साहेब, माझ्याकडे आज ही तीन कामे आहेत, दोनच होतील. कोणती आधी करू?’ यात नकार नाही, आणि निर्णय ज्याचा आहे त्याच्याकडे जातो. प्रमुखाने महिन्यातून एकदा कामवाटपाची नोंद उघडून मूळ वाटप आणि प्रत्यक्षात कोण काय करतो हे ताडून पाहावे. तफावत बहुधा या एकाच टेबलाशी सापडते.

चिडणाऱ्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते, पण हाताळणी चुकते. राग आला की ॲड्रेनलिन हे ताणाचे संप्रेरक काही सेकंदांत चढते. कॉर्टिसोल हे दुसरे संप्रेरक साधारण २० ते ३० मिनिटांनी शिखर गाठते आणि उतरायला आणखी वेळ घेते. या काळात दिलेली समज डोक्यात शिरत नाही, उलट भांडण वाढते. म्हणून किमान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. दरम्यान त्याला चालायला लागेल असे काम द्या. मग एकांतात बोला, आणि फक्त त्या प्रसंगाबद्दल: काय घडले, कुणाला काय बोलले गेले, पुढच्या वेळी काय करायचे. ‘तुमचा स्वभावच असा’ हे वाक्य आले की संवाद संपला. कारखान्यात या स्वभावाचा धोका आणखी वेगळा. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनने पत्रा दाबून भाग बनवतात तिथे, हात दाबाखाली जाऊ नये म्हणून दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची दोन बटणे असतात. उत्पादन मागे पडले आणि सुपरवायझर ओरडू लागला की रागाच्या आणि घाईच्या भरात एक बटण पट्टीने दाबून ठेवले जाते, सेन्सर बंद केला जातो. बोटे जातात ती अशाच वेळी. लाइन बंद पडल्यानंतर ती पुन्हा सुरू करताना पहिली दहा मिनिटे टार्गेटचा उच्चारही होऊ नये आणि गार्ड, सेन्सर, बटणे तपासून सही घेतल्याशिवाय मशीन चालू होऊ नये. रागीट कामगाराला व्याख्यानाला पाठवण्याआधी हा नियम करा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पुरुष अधिकारी चिडला तर तो ‘कडक’ म्हणवला जातो आणि बाई चिडली की ‘चिडचिडी’. अंगणवाडी सेविका, आशा, परिचारिका यांच्याबाबत हे सर्रास होते. नोंदवहीत, मोबाइलवरच्या ॲपमध्ये आणि पुन्हा व्हॉट्सॲपवर तीच माहिती तीनदा भरायला लावायची आणि वैतागली तर स्वभावाला दोष द्यायचा, हे बंद झाले पाहिजे.

अबोल माणूस ताणात आणखी आत जातो. चहाला येत नाही, बैठकीत मागची खुर्ची धरतो, विचारले तर ‘सगळे ठीक’ एवढेच. शिबिरात अशाला उभे करून ‘मनमोकळे बोला’ म्हणणे ही शिक्षा आहे, आणि त्यानंतर तो कुठल्याच मदतीच्या वाटेला जात नाही. त्याला प्रश्न आदल्या दिवशी कळवा, म्हणजे विचार करायला वेळ मिळतो. ‘कसे चाललेय’ असे न विचारता ‘या आठवड्यात कोणते काम अडकले, कशामुळे?’ असा नेमका प्रश्न विचारा. समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा शेडवर फेरी मारताना किंवा साइटवर जाताना बोलणे त्याला सोपे जाते. चार ओळी लिहून दिल्या तरी चालतील असे सांगा. उत्तर आल्यावर घाई नको. तुम्ही गप्प राहिलात तर तो पुढचे वाक्य बोलतो.

काळजी करणाऱ्याला माहिती हवी असते. बदल्यांचा हंगाम, कंत्राटाचे नूतनीकरण, शाखेचे विलीनीकरण अशा वेळी त्याचे प्रश्न थांबत नाहीत आणि लोक त्याला टाळू लागतात. मग अफवाच त्याची माहिती बनते. निर्णय झाला नसेल तर तो कोणत्या तारखेला कळेल एवढे तरी सांगा आणि ती तारीख पाळा. अशा माणसाला धोके इतरांच्या आधी दिसतात. नव्या कामाच्या सुरुवातीलाच ‘काय काय बिघडू शकते’ ही यादी त्याच्याकडून करून घ्या. बोलक्या माणसाचे त्या मानाने सोपे: त्याचा ताण बोलून उतरतो, फक्त त्याला एकटे रेकॉर्ड रूममध्ये किंवा रात्रपाळीच्या एकाकी जागी ठेवू नका.

कुणाचा स्वभाव काय हे ठरवण्यापेक्षा बदल ओळखणे जास्त कामाचे. गप्प असणारा गप्प आहे यात विशेष नाही. बडबड्या गप्प झाला तर थांबून पाहायला हवे. येण्या-जाण्याच्या वेळा, चुकांचे प्रमाण, बोलण्याची पद्धत, आजारपणाच्या रजा आणि तंबाखू-गुटखा किंवा दारू, या पाच बाबतींत माणूस त्याच्या नेहमीच्या रीतीपासून दोन आठवडे दूर गेलेला दिसला तर त्याच्याशी बोलावे. २० मिनिटे पुरतात. दार लोटलेले, फोन बंद, वेळ सकाळची किंवा जेवणानंतरची. सुटायच्या वेळी नको, कारण अर्धे लक्ष बसकडे असते. सुरुवात जे दिसले तिथून करा: ‘गेल्या पंधरवड्यात तुम्ही चार दिवस आठनंतर गेलात आणि दोन याद्या परत आल्या. काय अडचण आहे?’ पहिली दहा मिनिटे ऐका. आपलीच हकीकत सांगणे, लगेच धीर देणे आणि योगासने सुचवणे, या तीन चुका इथे नेहमी होतात. उरलेल्या वेळात त्याच्या कामात करायचा एकच बदल ठरवा, कागदावर लिहा आणि दोन आठवड्यांनंतरची तारीख टाका. तो बदल प्रत्यक्षात झाला नाही तर पुढच्या वेळी कुणीच खरे बोलणार नाही. बोलणे बाहेर फुटले तरी तेच होते.

आता कामाची रचना. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेली गोष्ट आजही कार्यालयात बसून पडताळता येते: कामाचा दाब जास्त आणि ते कसे करायचे यावर आपले काहीच चालत नाही, हे दोन्ही एकत्र आले की माणूस सर्वांत जास्त खचतो. खरिपाच्या तोंडावर पीककर्जाच्या काउंटरवर बसलेला कारकून पाहा. रांग त्याच्या हातात नाही, सर्व्हर त्याच्या हातात नाही, नियम वरून येतात आणि शिव्या त्याने खायच्या. गावनिहाय वार ठरवून दिले, टोकन दिले, सर्व्हर बंद पडल्यास काय सांगायचे याचा फलक लावला आणि दर दोन तासांनी काउंटर बदलला, तर कुठल्याही स्वभावाच्या माणसाला थोडा श्वास मिळतो.

व्हॉट्सॲपचेही नियम लिहून काढा. तातडीचे काय हे आधी ठरवा, त्यासाठी फोन करा, आणि बाकी निरोप संध्याकाळी सातनंतर टाकू नका. रात्री अकराला आलेला ‘उद्या सकाळी माहिती हवी’ हा निरोप चिडणारा माणूस वाचून विसरतो, चोख माणूस मात्र उठून लॅपटॉप उघडतो. तीन पाळ्यांच्या कारखान्यात पाळीचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा ठेवा. शरीराला उशिरा झोपणे जमते, लवकर झोपणे जमत नाही. उलट्या क्रमात झोप तुटते. ओव्हरटाइमबद्दल जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांचा २०२१ चा अभ्यास प्रत्येक एचआर विभागाच्या भिंतीवर हवा: आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळला. कंत्राटी कामगार ओव्हरटाइमला नकार देऊ शकत नाही, म्हणून तासांची मर्यादा व्यवस्थापनानेच घालायला हवी.

श्वसनाच्या प्रयोगाला आमचा विरोध नाही. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, असे पाच मिनिटे केले की धडधड कमी होते आणि ग्राहक अंगावर आल्यानंतर त्याचा उपयोग होतो. कायम अपुऱ्या मनुष्यबळावर मात्र तो उपाय नव्हे.

ताण आणि आजार यांतली सीमाही माहीत असावी. कामामुळे येणारा गळाठा, म्हणजे ‘बर्नआउट’, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदवला. न संपणारा थकवा, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही होत नाही अशी भावना, या त्याच्या तीन खुणा. पण उदासी किंवा कशातच रस नसणे दोन आठवड्यांहून जास्त रोज टिकले, झोप-भूक बिघडली, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठायला हवा. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. कुणी जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला तर ‘आत्महत्येचा विचार मनात येतो का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर हो आले तर त्याला एकटे सोडू नका, घरच्यांना बोलवा आणि ‘टेलिमानस’ला १४४१६ या क्रमांकावर फोन लावा. ही शासकीय सेवा मोफत आहे, २४ तास चालते आणि मराठीत बोलता येते. आपल्या दैनिकाने हा क्रमांक रोज एका ठरलेल्या जागी छापावा, ही विनंती.

शिबिरे घेणाऱ्या संस्थांना आणि आस्थापनांना आमचे सांगणे एवढेच. शिबिराच्या दोन आठवडे आधी प्रत्येक विभागाकडून प्रत्यक्ष कामांची यादी आणि तास मागवा, त्यातले किमान एक तरी दुबार काम रद्द करा आणि ते शिबिरातच जाहीर करा. शिबिर कामाच्या वेळेत घ्या, सुटीच्या दिवशी किंवा सहानंतर नको. बोलण्याची सक्ती नको. स्वभावाची प्रश्नावली भरून घेतलीच तर तिच्यावर नाव नको, आणि भरलेला कागद ज्याचा त्याच्याकडेच राहावा. तो सेवापुस्तकात किंवा एचआरच्या फाईलमध्ये जाता कामा नये. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने उपचारांच्या माहितीची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. समुपदेशकाकडे कोण गेले याची यादी मागणाऱ्या व्यवस्थापनाला ती मिळणार नाही, हे शिबिराच्या पहिल्याच सत्रात, प्रमुखांच्या उपस्थितीत, सगळ्यांना सांगून टाकावे.

आपले विश्वासू,
कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यासाठी काम करणारे काही समुपदेशक,
छत्रपती संभाजीनगर